रिव्हॉल्व्हर की पिस्तूल: साफसफाईला सोपं काय?

नवा परवानाधारक बहुधा .32 बोअरच्या या दोनांतच अडकतो.

हत्यार रिकामं आहे का, हे बघायला रिव्हॉल्व्हर सरळ. कानपूरच्या कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर वरून मोडून उघडलं की सिलिंडरची (गोळ्या बसतात त्या फिरत्या भागाची) सहाही घरं डोळ्यांसमोर येतात. पिस्तुलाचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आधी काढायचं, मगच स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे, नजर आणि बोट दोन्ही घालायचं. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते आणि आपण निर्धास्त! काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, हे दोन्हींना लागू.

घासायला मात्र पिस्तूल बरं. स्लाइड उतरली की नळी सुटी होते, ब्रश चेंबरकडून घालता येतो. या रिव्हॉल्व्हरमध्ये तो बहुधा नळीच्या तोंडाकडून घातला जातो. सळई तोंडाच्या कडेला घासत राहिली तर नेमावर परिणाम होतो. सिलिंडरच्या पुढच्या बाजूचा काळा डाग हट्टी असतो, त्यामागे फार लागू नका.

नेमबाजीच्या रेंजवर क्वचितच जाणार असाल तर माझं मत रिव्हॉल्व्हरला. तेल थेंबभरच, जास्त झालं की धूळ धरते. आणि कोकणातल्या पावसाळ्यात दोन्हीपैकी काहीही चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.