थारचे मागचे ड्रम काढून डिस्क बसवली: आठ महिन्यांनंतर

माझी महिंद्रा थार 2016 ची, जुनी सीआरडीई (डिझेल इंजिनवाली). पुढे डिस्क ब्रेक (उघडी तबकडी), मागे ड्रम (बंद डबा), चाकं लॉक होऊ न देणारी एबीएस नाही. दर पावसाळ्यात तोच त्रास: ओढा ओलांडला की पुढची दोन-तीन वळणं मागचा ब्रेक लागायचाच नाही. कोकणातून परतलं की ड्रममध्ये लाल चिखलाचा लगदा. तो लायनरही (ड्रमला आतून घासणारं अस्तर) खातो आणि ड्रमही. गेल्या वर्षी ड्रम उघडला तर आत नख अडकेल एवढ्या खाचा पडलेल्या. त्याच दिवशी ठरवलं, पावसाच्या आधी मागे डिस्क.

बसवल्यावर पेडल स्पंजासारखं लागत होतं. गॅरेजमध्ये तीनदा ब्रेकच्या लाइनमधली एअर काढली, तरी तेच. शेवटी गाडीखाली शिरून बघितलं, तर डावा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उजवीकडे आणि उजवा डावीकडे! हवा काढायचं तोंड, म्हणजे ब्लीडर निपल, खाली आलं होतं, हवा वर अडकून बसलेली. ती निघणार कशी? अदलाबदल केली आणि पेडल घट्ट झालं.

मागच्या लाइनवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह घ्याच, इथे पैसे वाचवू नका. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, रिकाम्या थारचा मागचा भाग हलका होतो. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी आडवी फिरते. मी मोकळ्या मैदानात, ओल्या मुरमावर, पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत तो व्हॉल्व्ह फिरवत बसलो होतो. विमा कंपनीला आणि आरटीओत आधी विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांबद्दलच आहे.

अख्खा पावसाळा ताम्हिणीत काढला. पाण्यातून बाहेर आलं की एकदा हलका ब्रेक दाबायचा, डिस्क पुसली जाते, झालं. पॅड किती उरलेत ते चाकातूनच दिसतं. कोरड्या डांबरावर मात्र गाडी पूर्वीपेक्षा लवकर थांबते असं मला जाणवलं नाही; थांबवण्याचं बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात. लाल माती पॅडही खाते, आणि डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकला की कानठळ्या बसतात.

खरी उणीव हँडब्रेकची. पुढच्या चाकांचे साधे कॅलिपर मागे लावले तर हँडब्रेक उरतच नाही. म्हणून मी केबल लागणारे घेतले, पण ड्रमची पकड त्यांना नाही. केबल दोनदा आवळून झाली. वरंध्यात चढावर थांबलो की अजूनही पहिला गिअर टाकतो आणि चाकामागे दगड लावतो.