युरोपात कोल्हापुरी विकायचीय? मग कागदावर नाव एजन्सीचं, नातेवाइकाचं की तिथल्या दुकानदाराचं?

आमच्या घरात बाबा आणि काका चपला करतात आणि ऑनलाइनचं सगळं मी बघते, त्यामुळे हल्ली ओळखीतले लोक एकच प्रश्न घेऊन येतात की एट्सीवर, म्हणजे हातकामाच्या वस्तू विकायच्या ऑनलाइन बाजारात, युरोपचे देश परत चालू करायचेत, तर तो रिस्पॉन्सिबल पर्सन कोणाला करू? प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आधी मुद्दा काय तो बघा. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये जनरल प्रॉडक्ट सेफ्टी रेग्युलेशन लागू झालं, सगळे जीपीएसआर म्हणतात ते. २००१ पासूनचा जुना नियम गेला. आता २७ देशांपैकी कुठेही ग्राहकाला चप्पल विकायची तर बनवणाऱ्याचं नाव, पोस्टाचा पत्ता आणि ईमेल लिस्टिंगवर दिसला पाहिजे, आणि बनवणारा जर आपल्यासारखा बाहेरचा असेल तर युनियनच्या आतला एक जबाबदार माणूस किंवा कंपनी लागते, तोच रिस्पॉन्सिबल पर्सन, तिचाही पत्ता ईमेल तिथेच आणि पार्सलवर किंवा आतल्या कागदावरही. उत्तर आयर्लंडलाही हेच लागू आहे, म्हणजे लंडनला पाठवताना हा नियम आडवा येत नाही पण बेलफास्टला येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता पर्याय. पहिला एजन्सीचा, म्हणजे ऑथोराइज्ड रिप्रेझेंटेटिव्ह. वर्षाची फी घेतात, लेखी करार करतात, त्यांचा पत्ता तुम्ही लावायचा. यात फायदा असा की माल तुमच्या हातात राहतो, किंमत तुम्ही ठरवता, गिऱ्हाईक थेट तुमचं. पण एजन्सी एजन्सीत जमीन अस्मानाचा फरक आहे. आम्ही पहिल्यांदा जी घेतली त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, पैसे भरले आणि संध्याकाळी सोनेरी किनारीचं जीपीएसआर सर्टिफिकेट मेलवर हजर. बाबांनी ते प्रिंट काढून वर्कशॉपमध्ये लावलं होतं. मग मार्केटप्लेसने कागदपत्रं मागितली, आम्ही एजन्सीला मेल वर मेल केले, आठ दिवस उत्तर नाही, तोवर लिस्टिंग बंद, आणि ते ऐन नोव्हेंबरात. नंतर कळलं की असं काही सर्टिफिकेट कायद्यात नाहीच. सीई मार्क, म्हणजे ठरावीक वस्तूंवर युरोपात लागणारं सुरक्षेचं चिन्ह, तेसुद्धा साध्या चपलेला लागत नाही, उलट लावला तर चूक. दुसऱ्या एजन्सीने पैसे घ्यायच्या आधी अकरा प्रश्न विचारले, चामडं कुठलं, कसं कमावलेलं, रंग कोणता, बॅच नंबर कुठे टाकता. तेव्हाच कळलं की ही बरी.

दुसरा पर्याय नातेवाइकाचा, आणि सगळ्यांचा पहिला ओढा इकडेच असतो कारण फुकट आहे. माझी मावसबहीण श्टुटगार्टला आहे, ती तर लगेच हो म्हणाली होती. कायद्याने व्यक्ती चालते, लेखी मँडेट म्हणजे अधिकारपत्र दिलं की झालं. पण मी तिला नको म्हटलं. तिच्या घरचा पत्ता प्रत्येक लिस्टिंगवर जगासमोर, हे एक. माल कागदात लिहिलाय तसाच आहे ना हे वेळोवेळी बघायचं आणि त्याचा पुरावा ठेवायचा, तिथल्या सरकारी खात्याने विचारलं तर उत्तर द्यायचं, काही धोका निघाला तर कळवायचं, हे सगळं तिची नोकरी आणि दोन पोरं सांभाळून. आणि सगळ्यात मोठं म्हणजे युनियनने सदोष मालाच्या भरपाईचा कायदा २०२४ मध्ये नवा केलाय, तो ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या मालाला लागू होतोय आणि त्यात बनवणारा बाहेरचा असेल तर ऑथोराइज्ड रिप्रेझेंटेटिव्हवरही दावा लागू शकतो. कोणाचा पाय घसरून मोडला तर नोटीस बहिणीच्या दारात! रक्ताच्या माणसाला असल्या गोष्टीत सही करायला लावू नका, एवढं मी अगदी ठामपणे सांगेन.

तिसरा, तिथल्या दुकानदाराला घाऊक विकणं. मग इम्पोर्टर तो, पत्ता त्याचा, भाषेची जबाबदारीही बरीचशी तो उचलतो. मार्जिन निम्म्याहून कमी होतं आणि तो एकसारखे तीस जोड मागतो, हाताच्या कामात एकसारखं म्हणजे किती कटकट ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत. पण कारागिराला एकरकमी पैसे मिळतात हे विसरू नका. एक गल्लत मात्र लोक करतात, त्या दुकानदाराचं नाव आपल्या किरकोळ लिस्टिंगवरही टाकून देतात. तो इम्पोर्टर फक्त त्याने आणलेल्या मालाचा, तुमच्या बाकी मालाचा नाही, त्याने वेगळं लेखी मँडेट दिलं तरच चालेल.

युरोपातल्या गोदामात माल ठेवून विकायचा पर्याय छोट्या धंद्याला परवडत नाही, आणि बाकी कोणी नसेल तर जबाबदारी गोदामवाल्यावर येते म्हणून ते दारातच आधी रिस्पॉन्सिबल पर्सन कोण ते विचारतात.

पण नाव कोणाचंही लावा, मालाच्या सुरक्षेच्या कागदपत्रांची फाइल तुमचीच लागते आणि ती दहा वर्षं ठेवायची. इथेच खरं काम आहे. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असेल तर उत्तम, पण पट्ट्याला किंवा आतल्या थराला कोणी बाजारातलं क्रोमने कमावलेलं वापरलं असेल तर हेक्सावॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमचा घातक प्रकार, किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आतच पाहिजे, आणि ते साठवणीतसुद्धा वाढू शकतं. लाल गोंडा बघितलाय ना? ओल्या बोटाने चोळा, बोट लाल झालं तर तो रंग कुठून आला हे विचारायलाच हवं, कारण काही अझो रंगांवर, म्हणजे एका प्रकारच्या रासायनिक रंगांवर, तिथे बंदी आहे. बोटावरून बंदीचा रंग ओळखता येत नाही, त्यासाठी लॅबच, पण कुठला गोंडा लॅबला पाठवायचा ते तेवढ्याने कळतं. आणि आमच्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून पॅकिंगवाले डब्यात बुरशी मारणारी पुडी टाकतात, त्यात डायमिथाइल फ्युमरेट असेल तर माल अडकलाच समजा, मर्यादा किलोला फक्त ०.१ मिलिग्रॅम आहे. साधी सिलिका जेल टाका. शिवाय वरचा भाग, अस्तर, तळ कशाचे ते सांगणारं लेबल जोडातल्या किमान एका चपलेवर हवं, आणि सूचना त्या त्या देशाच्या भाषेत.

म्हणून माझं मत असं की महिन्याला चार पाच जोडच जात असतील तर दुकानदार शोधा, नियमित ऑर्डर असतील तर एजन्सी घ्या पण आधी एखाद दोन देशच चालू करा, आम्ही जर्मनी आणि नेदरलँड्सच ठेवलेत. जर्मनीला पॅकिंगसाठी लुसिड नावाचं वेगळं रजिस्ट्रेशन पहिल्या पार्सलपासून लागतं, ते जीपीएसआरमध्ये येत नाही. आणि एजन्सीशी करार करताना एक ओळ घालून घ्या, की मार्केटप्लेसकडून काही आलं तर २ कामाच्या दिवसांत उत्तर. कारण सरकारी खात्याचा आदेश आला तर मार्केटप्लेसला २ कामाच्या दिवसांत आणि कोणी सुरक्षेची तक्रार केली तर ३ कामाच्या दिवसांत हालचाल करावीच लागते, तुमच्या एजंटची सुट्टी संपायची वाट ते बघणार नाहीत.