पृथ्वीची ४५ मीटरची कालपट्टी : शाहूपुरीतील एका फ्लेक्सवाल्याकडचा अनुभव

राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पृथ्वीच्या इतिहासाची प्रमाणबद्ध पट्टी लावायची, असे ठरले तेव्हा व्हरांड्याची लांबी ४८ मीटर भरली आणि प्रमाण आपोआपच निश्चित झाले : १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षे, सुरुवात आजपासून आणि मोजणी मागे भूतकाळाकडे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, म्हणजे पट्टी ४५.४ मीटर. ५ मीटरचे नऊ तुकडे आणि ४० सेंटिमीटरचा एक लहान तुकडा, प्रत्येकाची उंची २ फूट, अशी फाईल घेऊन मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात गेलो. असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा, म्हणून त्या दुकानाच्या कामाविषयी सविस्तर लिहीत आहे.

पहिला तुकडा चुकीचा आला. फ्लेक्सचा सगळा व्यवहार फुटांत चालतो, ५ मीटर म्हणजे १६.४ फूट होतात, आणि तिथल्या डिझायनरने नेहमीच्या सवयीने ते १६ फूट धरून चित्र त्या मापात बसवले. वाढदिवसाच्या किंवा मंडळाच्या फलकावर एवढ्याने काहीच बिघडत नाही, पण इथे प्रत्येक तुकड्यात १२ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा कोटी वर्षे, नाहीशी होत होती आणि नऊ तुकड्यांत मिळून ११ कोटी वर्षांचा घोटाळा झाला असता. मी स्टीलचा टेप लावून दाखवले की डायनासोर संपल्याची रेघ ६६ सेंटिमीटरवर हवी होती, ती ६४.४ वर आली आहे. मालकांनी वाद न घालता तो तुकडा बाजूला ठेवला, फाईल मिलिमीटरमध्ये लावून घेतली आणि पुढचा प्रत्येक तुकडा मशीनवरून उतरताच माझ्यासमोर मोजला. दुसऱ्या छपाईचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

रंगांच्या बाबतीतही एकदा माघारी जावे लागले. भूशास्त्रीय कालखंडांचे रंग आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेले आहेत : ट्रायासिक जांभळा, जुरासिक निळा, क्रिटेशस हिरवा. छपाईच्या चार शाईंमध्ये त्यांचे आकडेही दिलेले असतात. जुरासिकसाठी निळसर शाई ८० टक्के, पिवळी ५ टक्के, बाकी दोन्ही शून्य. दुकानाने आधी पडद्यावरच्या रंगांवरून छापले, त्यामुळे जांभळा आणि निळा जवळजवळ सारखेच दिसू लागले होते. आकडे थेट टाकल्यावर फरक स्पष्ट झाला.

खरे कौशल्य दिसले ते बारीक रेघांत. आपली मनुष्यजात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे पट्टीच्या सुरुवातीचे जेमतेम ३ मिलिमीटर. त्यात माणसाच्या लिखित इतिहासाची सुमारे ५ हजार वर्षे दाखवण्याचा माझा हट्ट होता. ती ०.०५ मिलिमीटर होतात. मशीन चालवणारा तरुण काचेखाली नमुना धरून म्हणाला, “सर, एवढी बारीक रेघ फ्लेक्सवर उठत न्हाई, उगं डाग दिसंल.” त्याचे म्हणणे पटले. आम्ही रेघ काढलीच नाही. तेथे एक बाण आणि ‘या जाडीची रेघ छापता येत नाही’ हे वाक्य ठेवले, आणि मुले आता सर्वांत जास्त वेळ तिथेच उभी राहतात.

दख्खनच्या लाव्ह्याची पट्टी मात्र त्याने अप्रतिम उठवली. ६६ सेंटिमीटरजवळ १ सेंटिमीटरहूनही कमी रुंदीचा काळा पट्टा आहे, कारण त्या उद्रेकांचा मुख्य भाग १० लाख वर्षांहून कमी काळात उरकला. पन्हाळ्याच्या जांभ्याखालचा काळा दगड त्याच उद्रेकांतला. अंबाबाईचे देऊळही अशाच काळ्या दगडात उभे आहे, हे सांगितल्यावर तो तरुण स्वतःहून त्या पट्ट्याची कड दोनदा तपासत होता.

पट्टीची मोठी शिकवण तिच्या रिकामेपणात आहे. ५.३९ मीटरवर कँब्रियन हा कालखंड सुरू होतो. शाळेच्या पुस्तकातले जवळजवळ सगळे प्राणी त्याच्या अलीकडे आहेत. पलीकडच्या ४० मीटरमध्ये २४ मीटरच्या आसपास हवेत प्राणवायू साठू लागल्याची एक खूण आहे, आणि शेवटच्या ५ मीटरचे तर खडकही जवळपास उरलेले नाहीत. हे तुकडे मोकळे का सोडले, तिथे जाहिरात घालू का, असे दुकानात मला मनापासून विचारले गेले. मी मोकळेच ठेवायला सांगितले, आणि तसेच आले.

दर चौरस फुटाला १२ रुपये, एकूण साधारण ३,६०० रुपये झाले. जोड देताना तुकडे एकमेकांवर चढवू नयेत, कडेला कड लावून मागून पट्टी चिकटवावी, आणि आयलेट (दोरी ओवायची धातूची भोके) फक्त वरच्या कडेला घ्यावेत, कारण दोन्ही टोकांना ओढून बांधले तर फ्लेक्स ताणतो. दुकानाला हे आधी सांगावे लागते. दर्जा आणि वागणूक यांसाठी मी पुन्हा तिथेच जाईन, मात्र मापे मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून आणि टेप खिशात घेऊन.