जुन्या गेमच्या नावाखाली गळ्यात मारलेलं बनावट ग्राफिक्स कार्ड

जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर अडखळतात म्हणून कोणी तुम्हाला ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा वेगळा भाग) घ्यायला सांगत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. कार्ड आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) मिळून माझे साडेनऊ हजार गेले. कार्ड खोटं निघालं हा एक भाग. पण त्या कार्डाची मुळात गरजच नव्हती, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होतं, याचा संताप जास्त आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला आमचा तळमजला पाण्याखाली गेला. त्यात जुना कॉम्प्युटर संपला, पण गेमच्या सीड्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. पुढे हिशेबाच्या कामासाठी विंडोज ११ चा नवा डेस्कटॉप घेतला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. गणपतीला डोंबिवली, विरारहून सगळी मंडळी गावी येतात. आरत्या आणि जेवणं आटोपली की रात्री एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचं, हे आमच्या घरात कित्येक वर्षं चालत आलेलं. म्हणून त्या वेळी गणपतीच्या आधीच सीड्या लावून बघितल्या. एज ऑफ एम्पायर्सचे रंग भलतेच दिसत होते आणि लॅनवर, म्हणजे घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडतात त्या नेटवर्कवर, दुसरा कॉम्प्युटर सापडत नव्हता. व्हाइस सिटी हा दुसरा गेम झटके देत चालत होता. आणखी एक सीडी तर उघडलीच नाही.

आमच्या इथून तासाभरावरच्या एका मोठ्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशिन तिथे नेलं. दुकानदाराने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "दादा, नव्या मशिनमध्ये कार्डच नाही, जुने गेम चालणार कशावर? १०५० टीआय टाकून देतो, चार जीबीचं. मख्खन चालेल." लॅनचं विचारलं, तर तेही कार्डामुळेच. उघडत नसलेली सीडी बुरशी लागून खराब झाली म्हणाला, आणि तो गेम स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून टाकून दिला. त्यासाठी अँटिव्हायरस बंद केला, तो तसाच बंद ठेवून मशिन परत दिलं. कार्डाला जास्त पॉवर लागते म्हणून एसएमपीएसही बदलला. मग व्हाइस सिटी लावून दाखवला. खरंच सरसर चालत होता. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर चिठ्ठीवर "ग्राफिक कार्ड १ नग" एवढंच लिहून दिलं. निघताना बजावून सांगितलं, "ड्रायव्हर अपडेट करू नका हां, माझ्या सीडीतलाच ठेवा." ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांचा मेळ घालणारं सॉफ्टवेअर.

कार्ड बसवताना मी शेजारीच उभा होतो. डबा प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होता, पण आतल्या कार्डाच्या पत्र्याच्या पट्टीवर गंजाचे तपकिरी ठिपके होते. विचारलं तर म्हणाला, "आपल्याकडची खारी हवा, महिन्याभरात असं होतं." हे उत्तर इथल्या कोणालाही पटेल असंच आहे. आमच्याकडे गेटच्या कड्या आणि सायकलची चेन गंजताना आम्ही रोज बघतो. पण सीलबंद डब्यात गंज शिरतो कुठून? पंख्याजवळच्या स्क्रूंच्या खाचा घासलेल्या होत्या. नव्या स्टिकरच्या कडेने खालच्या जुन्या स्टिकरचा चिकट काळा डिंक दिसत होता.

घरी आठवडाभर ठीक चाललं. मग विंडोजने आपोआप ड्रायव्हर अपडेट केला आणि स्क्रीन काळी पडली. दुकानदाराला फोन केला, तर "सांगितलं होतं ना अपडेट करू नका" म्हणाला आणि पुन्हा टाकायचे पाचशे मागितले. तेवढ्यात भाचा आला. त्याने कॅबिनेटची मागची बाजू बघितली आणि म्हणाला, "मामा, याला व्हीजीएचं पोर्ट कसं?"

इथे सगळ्यांनी लक्ष द्या. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ चं, पास्कल पिढीचं कार्ड. त्या पिढीत एनव्हिडियाने, म्हणजे त्याची चिप बनवणाऱ्या कंपनीने, ॲनालॉग आउटपुट (जुन्या पद्धतीचा चित्राचा सिग्नल) काढून टाकलं, त्यामुळे निळ्या रंगाचं, पंधरा पिनांचं व्हीजीए पोर्ट अस्सल १०५० टीआयवर असूच शकत नाही. शिवाय हे कार्ड ७५ वॉटमध्ये भागतं. मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच तेवढी वीज मिळते, म्हणून बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लावावी लागत नाही. माझ्या कार्डाला सहा पिनांची केबल होती. त्यासाठीच तर एसएमपीएस विकला होता.

भाच्याने दुकानदाराच्या सीडीतला ड्रायव्हर परत टाकून स्क्रीन आणली आणि जीपीयू-झी हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. नावाच्या आधीच कंसात 'फेक' लिहून आलं. आतली चिप निघाली जीटीएक्स ५५० टीआयची, म्हणजे २०११ ची. १०५० टीआयमध्ये ७६८ कुडा कोअर (चित्राची आकडेमोड करणारे चिपमधले छोटे भाग) असतात, इथे १९२ होते. अशा कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नाव आणि मेमरीचा आकडा बदललेला असतो, त्यामुळे विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर बिचारा जे लिहिलंय तेच दाखवतो. त्याच्यावर विसंबू नका. खऱ्या कंपनीचा ड्रायव्हर घातला की मात्र हे सोंग उघडं पडतं, म्हणून तर "अपडेट करू नका". ज्याला कार्ड खरं वाटतं तो असं कशाला सांगेल?

आता गेमचं. एज ऑफ एम्पायर्स २ हा १९९९ चा गेम. त्याच्या डब्यावर किमान गरज लिहिलेली आहे: १६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ३२ एमबी रॅम. व्हाइस सिटीला ३२ एमबीचं कार्ड पुरायचं. आजच्या प्रोसेसरमधले साधे ग्राफिक्स यापेक्षा कितीतरी ताकदीचे असतात. जुना गेम अडतो तो मशिन कमी पडतं म्हणून नव्हे. तो ज्या पद्धतीने विंडोजशी बोलायचा ती पद्धत आता बदलली आहे, म्हणून तो अडतो.

भाच्याने ते कार्ड काढून ठेवलं आणि मूळच्याच ग्राफिक्सवर दोन्ही गेम लावले. लॅनचा प्रश्न डायरेक्टप्लेचा निघाला. जुन्या गेमना नेटवर्कवर जोडणारा हा विंडोजचाच जुना भाग, पण तो बंद ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्सच्या यादीत लेगसी कंपोनंट्सखाली त्याच्यावर टिक केली आणि काम झालं. रंगांसाठी डीजीव्हूडू २ हे सॉफ्टवेअर वापरलं. जुन्या डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्ट३डीच्या (गेमने विंडोजला चित्र काढायला सांगण्याच्या पद्धती) सूचना ते आजच्या डायरेक्ट३डी ११ किंवा १२ मध्ये बदलून देतं. त्याची फाइल गेमच्या फोल्डरात ठेवायची, बस. हेही फुकट.

व्हाइस सिटीत तर दुकानदाराची हातचलाखीच सापडली. त्याने गेमच्या डिस्प्ले सेटिंगमधला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवायच्या याची मर्यादा) बंद करून ठेवला होता. त्यामुळे दुकानात गेम सरसर दिसला. पण या गेमचा हिशेब ठरावीक फ्रेमवर बांधलेला आहे, वेग सुटला की गाड्यांचं वागणं बिघडतं. आमच्याकडे गाडी रिव्हर्स घेताना जागच्या जागी अडकायची ती यामुळेच. लिमिटर चालू केला आणि गाडी सरळ झाली.

आणि ती उघडत नसलेली सीडी अजिबात खराब नाही. त्या काळच्या बऱ्याच गेमवर सेफडिस्क नावाचं कॉपी संरक्षण असायचं. त्याच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं होती, म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० आणताना तो वगळला. अशा वेळी कुणाच्या पेन ड्राइव्हवरची कॉपी घेऊ नका. तोच गेम जीओजी किंवा स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो का बघा. जीओजी २००८ पासून जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करूनच विकतं, आणि सेलमध्ये ते वडापावच्या दोन-तीन प्लेटच्या भावात मिळतात. पेन ड्राइव्हवरून आलेला तो गेम आम्ही काढून टाकला, अँटिव्हायरस चालू करून पूर्ण मशिन तपासलं आणि बँकेचे पासवर्ड बदलले.

कार्ड घेऊन दुकानात गेलो, तर हे माझ्याकडचं नाहीच म्हणाला. चिठ्ठीवर ना सिरियल नंबर, ना जीएसटी नंबर. ती तशी का दिली हे तेव्हा नीट कळलं. पण यूपीआयची नोंद आहे, व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहिलेलं "१०५० टीआय ४ जीबी" आहे, कार्डाचे सगळ्या बाजूंनी फोटो आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे भागलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

तुमच्याकडे कोणी असंच कार्ड बसवून दिलं असेल तर आज कॅबिनेटच्या मागे बघा. १०५० टीआय म्हणून घेतलेल्या कार्डाला व्हीजीएचं पोर्ट दिसलं, तर दुकानात नेण्याआधी पोर्टचे, स्टिकरचे आणि जीपीयू-झीच्या स्क्रीनचे फोटो काढा, आणि चर्चा फोनवर न करता व्हॉट्सॲपवर लेखी करा.