बिल दोन ऑपरेशनांचं, झालं एकच

आकडा आधी सांगतो: १,६८,०००. मोतीबिंदू आणि लेन्सचे ६२,०००, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या ऑपरेशनचे ८८,५००, डोळ्यात भरायच्या सिलिकॉन तेलाचे १७,५००. यातलं मोतीबिंदूचं तेवढं झालं. उरलेले १,०६,००० कशाचे घेतले, हे अजून कोणी सांगत नाही.

मधुमेहामुळे माझ्या पडद्यावर आलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त डोळ्यातल्या जेलीत उतरलं होतं, वर मोतीबिंदू. दोन्ही एकदमच करू, भूल एकदाच लागेल, असं रुग्णालयात सांगितलं. तसं करतात, हे खरंच आहे. म्हणून तर विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढणाऱ्या मुलीला विचारलं, "पालथं किती दिवस झोपायचं?" तेल भरल्यावर बहुधा तसं सांगतात, एवढं मला ठाऊक होतं. ती कागद बघून म्हणाली, "काका, तुम्हाला कशाला? तुमचा तर मोतीबिंदूच झालाय." आणि मी हसलो! नवखी असेल म्हणून उलट तिलाच समजावलं. खरं बोलणारी तिथे ती एकटीच होती. मला अर्ध्या तासात बाहेर आणलं होतं. जेली काढून, लेझर मारून, तेल भरायचं काम सहसा इतक्यात उरकत नाही. पण टेबलावर पडलेल्याला घड्याळ कोण दाखवतं? संमतीपत्र वाचलं नाहीत का, असं आता जो तो विचारतो. अहो, वाचता येत असतं तर तिथे गेलो कशाला असतो? आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासली मी, त्यामुळे लाज जास्तच वाटते.

नजर सुधारेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. लेन्स बसलेली, जेली जागच्या जागी, जुन्या रक्तासकट. तेलाचा थेंब नाही. हे सगळं तोंडी. लिहून द्यायला तयार नाहीत. तुम्ही तरी पडद्याचं ऑपरेशन कोणते डॉक्टर करणार, त्यांचं नाव आधी लिहून घ्या.

विमा कंपनी म्हणते, बिलावर सही तुमचीच. पोलीस म्हणतात, तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय आणा. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्यांना ऑपरेशनची नोंद हवी. रुग्णालय म्हणतं, त्यांचं पत्र आलं की देऊ. पत्र मागायला जावं, तर आधी नोंद जोडा! एका साहेबांनी वर विचारलं, "पण मोतीबिंदू निघाला ना?" जणू बाकीचे पैसे मी खुशीने बक्षीस दिले होते. म्हणून सांगतो, ऑपरेशनची नोंद घेतल्याशिवाय बिलाचा शेवटचा हप्ता भरू नका. बिल म्हणजे नोंद नव्हे.

रक्तामुळे पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. तिचा रिपोर्ट ठेवा. लेन्सचं स्टिकर मिळतं, तसं तेलाच्या बाटलीचं लेबलही मागा. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी, भारीतली मल्टिफोकल लेन्स गळ्यात मारू लागले तर थांबा, मधुमेहाने पडदा बिघडलेला असताना ती सहसा टाळतात. संमतीपत्र घरच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

मधल्या काळात पडद्यावर पापुद्रा धरलाय आणि तो पडद्याला ओढतोय, असं नवे डॉक्टर म्हणतात. ऑपरेशन आता जास्त अवघड झालंय, आणि त्याचे पैसे वेगळे.