मोराची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घेताना मी फसले

जेन ऑस्टिनची १८९४ ची आवृत्ती म्हणून मी ५८० पौंड मोजले आणि हाती आली अलीकडे छापलेली नक्कल. जुनी पुस्तकं जमवणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

ही आवृत्ती लंडनच्या जॉर्ज ॲलन यांनी काढली. गडद हिरवं कापड, त्यावर पिसारा पसरलेला सोनेरी मोर, आत ह्यू थॉमसनची रेखाचित्रं. ऑस्टिन हयात असताना तिच्या एकाही कादंबरीवर तिचं नाव छापलं गेलं नाही. १८११ साली पहिली आली ती 'एका स्त्रीकडून' एवढ्याच उल्लेखाने. त्याच बाईचं पुस्तक पुढे इतक्या थाटात निघालं, याचं मला फार अप्रूप. आईने साताऱ्यात वर्षानुवर्षं ही कादंबरी शिकवली. तिच्या सत्तरीला हीच प्रत द्यायची असं मी इंग्लंडला आल्यापासून ठरवलं होतं.

जाहिरातीतल्या एका फोटोत कण्याच्या वरच्या टोकाला कापड उसवलेलं होतं. त्यामुळेच माझा विश्वास बसला. सव्वाशे वर्षांचं पुस्तक कोरं कसं असेल? किंमत ६२० पौंड होती. विक्रेता म्हणाला, थेट बँकेत भरलेत तर चाळीस कमी करतो. मी भरले. इथे क्रेडिट कार्डाने १०० पौंडांहून महाग वस्तू घेतली आणि विक्रेत्याने फसवलं, तर ग्राहकांच्या उधारीविषयीच्या कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. चाळीस पौंडांसाठी मी ते संरक्षण सोडलं.

पार्सल उघडलं आणि आधी कणा पाहिला. कुठेच उसवलेला नव्हता. मोरावरून बोट फिरवलं. सोनेरी ठसा कापडात दाबून बसवलेला असतो, तो बोटाला लागतो. इथे सगळं सपाट. पानांच्या कडा पिवळट, पण पुस्तक पूर्ण उघडलं की आतला कागद पांढराशुभ्र. शिवणीचा दोरा नाही, सुटी पानं डिंकाने चिकटवलेली. मग भिंग लावलं. थॉमसनची रेषा काळीभोर, सलग हवी. ती बारीक ठिपक्यांत फुटलेली दिसली. शेवटी नोटा तपासायचा अतिनील दिवा धरला तर पान निळसर चमकलं. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी द्रव्यं १८९४ मध्ये नव्हतीच.

विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं, "मी १८९४ ची छपाई असं कुठे म्हटलंय?" जाहिरात पुन्हा वाचली. खरंच नव्हतं. मजकुरात फक्त 'मोराची आवृत्ती', साल होतं ते फोटोतल्या पानावर. म्हणून पैसे देण्याआधी "ही प्रत १८९४ साली छापलेली आहे का?" असं लेखी विचारा. शिवण दिसेल असा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवलेला फोटो मागा. खरी प्रत जवळ असलेल्याला तो काढायला दोन मिनिटं लागतात.

बँकेने, हा तुमचा आणि विक्रेत्याचा वाद आहे, असं सांगून हात वर केले. तक्रारीनंतर जाहिरात गेली, पण गेल्या आठवड्यात तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा आले आहेत. कण्याच्या वर डाव्या बाजूला कापडाचा एक धागा सुटून वळलेला आहे, त्यावरून ओळखता येतील.