लूप, पंच आणि काकूंचे अभंग: रीपरमधल्या दोन रेकॉर्डिंग मोडचे आठ महिने

आमचं घर नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला. खिडक्या लावून, पंखा बंद करून रेकॉर्डिंगला बसलं तरी गाडीचा भोंगा यायचा तो येतोच. काकूंचे अभंग घरीच रेकॉर्ड करायचे ठरवले तेव्हा वाटलं होतं, की एका दमात अख्खा अभंग मिळेल. पहिल्या महिन्यात तसा एकही मिळाला नाही. कुठे भोंगा, कुठे श्वास तुटलेला, कुठे एक शब्द खाल्लेला. मग मी रीपर या संगणकावरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधले पंच आणि लूप हे दोन मोड नीट शिकलो.

आधी लूपबद्दल, कारण आपल्या गाण्यात खरी गोम तिथेच आहे. ओळीवर टाइम सिलेक्शन करायचं, म्हणजे तेवढाच वेळेचा पट्टा निवडायचा, रिपीट चालू करायचं आणि रेकॉर्ड दाबायचं. प्रत्येक फेरीचा वेगळा टेक, म्हणजे वेगळं रेकॉर्डिंग, साठतो, आधीचा पुसला जात नाही. मी सुरुवातीला लूप बरोबर समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, सुरू करत होतो. भजनी ठेका ८ मात्रांचा, लय मिनिटाला ८० मात्रांची, म्हणजे एक आवर्तन (ठेक्याचं एक पूर्ण चक्र) ६ सेकंदांचं. हिशोब चोख होता, पण काकूंचा मुखडा, म्हणजे ओळीची सुरुवात, समेच्या आधीच उचलला जातो. दर फेरीत मुखड्याचा पहिला शब्द आदल्या टेकच्या शेपटीला जाऊन बसायचा. शिवाय ओळ संपते न संपते तोच पुढची फेरी सुरू, श्वास घ्यायला जागाच नाही. एकदा काकूंनी हेडफोन काढून ठेवला. "अरे, मी काय जातं दळतेय का? दम तरी घेऊ दे."

तेव्हापासून ओळ दोन आवर्तनांची असली तर लूप चार आवर्तनांचा ठेवतो. पहिलं आवर्तन नुसता ठेका, त्याच्याच शेवटी मुखडा उचलायचा, पुढची दोन ओळीची, शेवटचं मोकळं. तेव्हापासून टेक वापरण्याजोगे येऊ लागले. फेऱ्या चारच घेतो. पाचव्या-सहाव्या फेरीत सूर जागेवर असतो, पण शब्दातला जीव गेलेला असतो. नंतर सगळे टेक एकाखाली एक लेनमध्ये दिसतात आणि हवा तो तुकडा माउसने ओढून निवडता येतो. लेनची ही सोय २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून आहे, आणि माझा निम्मा वेळ तिने वाचवला.

पंच मोड दुरुस्तीसाठी. खराब शब्दावर टाइम सिलेक्शन, रेकॉर्ड बटणावर राइट क्लिक करून ऑटो पंच निवडायचं आणि कर्सर दोन आवर्तनं मागे न्यायचा. काकूंना आपलाच आधीचा आवाज ऐकू येतो, त्या त्याच्यासोबत गाऊ लागतात. रेकॉर्डिंग मात्र ठरल्या जागीच सुरू होतं आणि ठरल्या जागी थांबतं. सांधा कुठे ठेवायचा हे कानाने ठरवा. श्वासाच्या आधी किंवा 'प', 'ट', 'क' उमटण्याआधी जी क्षणभर शांतता असते, तिथे तो लपतो. मींडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या) मध्ये कधीही ठेवू नका. क्रॉसफेड (दोन तुकडे एकमेकांत विरघळवणं) कितीही दिला तरी तिथे स्वर हलल्यासारखा वाटतो.

तानपुरा स्पीकरवर लावला असेल तर पंच विसराच. तो माइकमध्ये शिरतो आणि सांध्यावर त्याची तार तुटल्यासारखी ऐकू येते. आम्ही तो हेडफोनमध्ये देतो. माइकचं अंतरही जपावं लागतं: काकूंच्या पाटाखाली फरशीवर खडूची रेघ आहे, ती आठ महिने पुसू दिलेली नाही.

एक चूक मला फार लागली. शब्द दुरुस्त करून झाल्यावर ऑटो पंच बंद करायला विसरलो आणि लगेच पुढचा अख्खा अभंग गायला सांगितला. काकू फार सुंदर गायल्या. उतरला होता फक्त सिलेक्शनमधला चार सेकंदांचा तुकडा. तसा तो अभंग पुन्हा झाला नाही. आता प्रत्येक गाण्याआधी मोड नॉर्मलवर आहे ना, हे बोट ठेवून बघतो.

जागेचा अंदाज ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनोला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात आणि लूपमधले नको असलेले टेकही डिस्कवरच राहतात. मी अभंग पक्का झाल्यावरच सफाई करतो.

फक्त वाचन किंवा निवेदन करायचं असेल तर एवढ्याची गरज नाही. ऑडॅसिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट आणि डी दाबलं की मागचे ५ सेकंद ऐकवून चुकल्या जागेपासून पुढे रेकॉर्डिंग सुरू होतं. गाण्यासाठी मात्र मी रीपरच घेईन. ६० दिवस वापरून बघता येतं. माझे संपले तेव्हा ६० डॉलरचा परवाना लगेच घेतला. तोवर काकू स्वतःच म्हणू लागल्या होत्या, "दोन आवर्तनं मागून लाव, तो 'विठ्ठल' मला पुन्हा म्हणायचाय."